दरडीवरून आलेलं लुगडं

पयले तं साऱ्या जनी गप बसा. शकुन, तू दात काढू नको. तुले कोनीतरी अर्धी गोष्ट सांगितली असन, आन् तीही उलटी. माही गोष्ट माह्या तोंडून ऐका.

तं मी चालून राहिली होती, आन् समोर पाहते तं काय — वाटच नाही! दरड तुटलेली. आन् त्या तुटलेल्या दरडीच्या काठावर एक जवान मानूस गठुड्यावर बसून फुटाने खाऊन राहिला. जसा का बाजारात बसला.

थांबा, थांबा, मागून सांगते.

पूर्णेची दरड तुमाले ठाऊकच हाय. चार मानसं एकावर एक उभी केली तरी वरच्याचा हात काठाले पोचनार नाही, एवढी उंच. खाली नदी, आन् वर काठाकाठानं ती पायवाट. आमच्या गावाहून माह्या मोठ्या बहिनीच्या, दुर्गाबाईच्या गावाले सात कोस. गाडीनं गेलं तं वळसा घेऊन दहा. पन गाडी होती कुठं? समुद्रापार कुठंशी लढाई लागली म्हने, तिथला कापूस बंद झाला म्हने, आन् इकडं आपल्या कापसाले असा भाव आला का सारे बैल अकोल्याच्या बाजाराच्या वाटेवर. बाबानं दोन दिवस गाडी पाहिली, मंग म्हनलं, "जमुना, पायानंच जा माय. शेजारची गोदाबाई येईन तुह्यासंगं."

गोदाबाई आली — पयल्याच गावापर्यंत. तिथं तिच्या लेकीनं पुरनाचा घाट घातला होता. मले म्हने, "पुढं सारं रान वेचनीवाल्या बायांनं भरलं हाय, तुले कायचं भेव?" आन् बसली पाट्यापाशी.

माह्या डोक्यावर दह्याचं मडकं होतं. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईच्या वावरात सीतादही होती. पयली वेचनी करायच्या आधी कापसाले दहीभात शिंपडते ना, ती. आन् तिचे मालक वामनराव, त्यायचा हट्ट का दही बायकोच्या माहेरच्याच गाईचं पाहिजे.

डोक्यावर दही, आन् मनात दगड. कारन का त्याच संध्याकाळी दुर्गाबाईच्या घरी माह्या पाटाची, दुसऱ्या लग्नाची, मानसं येनार होती. नऊ वर्साची होती मी, नवऱ्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं, आन् तो तापानं गेला. दहा सालं झाली त्याले. आता अकोल्याकडच्या खुशालरावायनं पाटासाठी मागनी घातली होती. आपल्यातलेच माळी. वांगी-मिरच्या सोडून सारं वावर कापूस पेरलं, आन् दोन सालात गवताचं छप्पर जाऊन घरावर कवेलू चढलं. बायको वारलेली. वय पन्नासाच्या घरात. मानूस चांगला, असं सारेच म्हनत.

बाबानं निंगताना एवढंच म्हनलं, "तुह्यावर जबरी नाही. पन हो का नाही, ते आज सांगून टाक. आन् आपल्या भावकीची रीत ध्यानात ठेव — पाटाचं लुगडं बाईनं आपल्या हातानं घेतलं, का हो झालं. मंग मागं फिरता येत नाही."

तं मी चालून राहिली होती. एका पायाले हो, दुसऱ्या पायाले नाही... हो... नाही... आन् समोर ती तुटलेली दरड.

"काय पाहून राहिले हो?" मी इचारलं.

तो खाली पाहतच बोलला, "दरड पाहून राहिलो. म्हनलं, जुळते का परत."

"मंग? जुळली?"

"नाही न. सकाळपासून एक चिमनी तेवढी पलीकडं गेली."

मले हसू आलं. त्यानं मान वर केली. बाई वो... डोळे असे का नुकतंच कोनी झोपेतून उठवलं, आन् उठवनाऱ्याचा राग नाही आला! एक घडी पाहिलं त्यानं. मंग नजर माह्या कपाळावर गेली, आन् तो झटकन उभा राहिला, फुटाने सारे मातीत.

"माफ करजा, वयनी. मी आपलं थट्टेनं बोललो."

वयनी? मले समजेच नाही. मंग ध्यानात आलं. हे पाहा, माह्या आईनं लहानपनी गोंदून घेतलं होतं — मधात टिकली, खाली तीन थेंब. कुंकू पुसता येते, गोंदन कोन पुसन? घामानं ते चमकलं असन. आन् डोक्यावर सीतादहीचं मडकं. त्याले वाटलं, कोन्या घरची सवाशीन निंगाली.

मी सांगायले पाहिजे होतं. हो, हो, शकुन, पाहिजे होतं! पन नाही सांगितलं. दहा सालात पयल्यांदा कोनी मले पाहून आवाज खाली नव्हता केला. 'अरेरे' नव्हतं म्हनलं. मले वाटलं, असू दे... गाव येईपर्यंतचीच तं गोष्ट हाय.

"मडकं माह्याकडं द्या," तो म्हने. "तुमी माहं गठुडं घ्या. हलकं हाय ते. बाभळीची मुळी धरून, खाली मातीची पायरी उरली तिच्यावरून जाता येईन."

"आन् माहं दही सांडलं तं?"

"तं मीही दह्यामागं जाईन, वयनी. तोंड दाखवायले राहनार नाही."

गेला बरं! दरडीले पाठ लावून, एक हात मडक्याले, एक मुळीले. पलीकडं मडकं ठेवलं आन् वळला. मंग हात पुढं केला... आन् तसाच मागं घेतला. परक्याच्या बाईले हात कसा द्यावा! तं त्यानं काय केलं — डोक्याचा फेटा सोडला आन् त्याचं एक टोक माह्याकडं फेकलं.

त्याच्या फेट्याचं एक टोक माह्या मुठीत, एक त्याच्या. काखेत ते गठुडं. दोन पावलं बरी गेली. तिसऱ्या पावलाले पायाखालची माती सरकली, खाली पान्यात धबकन आवाज झाला, मी डोळे मिटले — आन् त्यानं असा हिसका दिला का मी थेट पलीकडं, त्याच्या खांद्याले नाक लागलं माहं. ओल्या मातीचा वास, गुळाचा वास... आन् त्याचं काळीज असं धडधड का मलेच ऐकू येऊन राहिलं.

"लागलं का, वयनी?"

"नाही," मी म्हनलं. "आता फेटा सोडा. सापडली मी."

कानापर्यंत लाल झाला, माय!

फेटा सुटलाच होता, तं त्यानं त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर माहं मडकं ठेवलं आन् चालू लागला. मी म्हनलं, "अहो, माहं दही!" म्हने, "वाट पुढंही अशीच हाय. राहू द्या." तं तो पुढं दही घेऊन, मी मागं त्याचं गठुडं घेऊन. पाहनाऱ्या बाया वावरातून हसत. एक तं वरडली, "काहो, नवऱ्याले लय कामाले लावलं!" आमी दोघंही काही बोललो नाही. दोघंही बोललो नाही, हेच तं!

नाव चंद्रभान. मायबाप लहानपनीच गेले, काकानं वाढवलं. अमरावतीच्या बाजारातून येऊन राहिला होता.

कार्तिकाचं ऊन तुमाले ठाऊकच हाय, अंगाले गोड लागते. एका बाजूले पूर्णा, पान्यावर खंड्या झेप घे, निळी रेघ ओढल्यासारखा. दुसऱ्या बाजूले काळ्या रानात फुटलेला कापूस, पांढरा-पांढरा, नजर पोचते तिथवर. तुरी फुलल्या होत्या. चंद्रभान एकदम थांबला.

"वयनी, समुद्र पाहिला का कदी?"

"मी अमरावतीच दोनदा पाहिली."

"मीही नाही पाहिला. पन काकाच्या गाड्यांसंगं खामगावाले गेलो होतो, तिथं एक गाडीवान भेटला. तो मंबईपर्यंत जाऊन आलेला. म्हने, उंच कड्यावर उभं राहाचं, खाली पानीच पानी, आन् त्याच्यावर पांढरा फेस, कापूस फुटल्यावानी." त्यानं मडकं सांभाळत वावराकडं मान वळवली. "मंग मी म्हनलं, ते तं आमच्या घरी हाय. एवढ्यासाठी मंबई कायले?"

"आन् पानी?"

"पानी त्या बाजूले. आपन मधात."

'आपन' म्हनला तो. मंग आपल्याच जिभेवर रागावल्यासारखा भराभर चालू लागला. मले पळा लागलं मागं.

दुपारी एका कडुनिंबाखाली बसलो. माह्यापाशी भाकर, ठेचा, कांदा. त्याच्यापाशी उरलेसुरले फुटाने आन् गूळ. ठेचा खाऊन डोळ्यात पानी आलं त्याच्या, तरी म्हने, "काही तिखट नाही." मी म्हनलं, "मंग रडून काहून राहिले?" म्हने, "घरी दोन सालं झाली अशी भाकर नाही. काकी खाटेवर होती, मंग गेली. काका आन् मी करतो. आमची भाकर कुत्रंही पाहून खाते."

हसता हसता मी ते गठुडं जवळ ओढलं. "एवढं हलकं, काय हाय यात?"

"दाखवतो न. तुमी बाईमानूस, सांगा बरं कसं हाय ते."

आन् त्यानं गाठ सोडली. आत लुगडं. हिरवं, पोपटाच्या पंखासारखं, आन् काठ डाळिंबी. वर चोळीचा खन. "काकाच्या पाटाचं हाय," तो म्हने. "काका गाडीनं वरच्या वाटेनं गेले. वामनराव म्हनून हाय पुढच्या गावात, त्यायची साळी, बायकोची बहीन. लहानपनीच विधवा झालेली."

बायांनो, माह्या हातातली भाकर हातातच राहिली.

मी सकाळपासून ज्याच्यापासून मन पळवून राहिली होती, ते माह्याच काखेत होतं!

आवाज जमेल तेवढा सरळ ठेवून मी इचारलं, "कशी हाय ती?"

"पाहिली नाही कोनी. सोयरीक आननारा म्हने, सावळी हाय आन् तोंडाची तिखट हाय."

"तिखट?"

"असंच म्हने."

"आन् तुमी काय म्हनले?"

"मी म्हनलं, आमच्या घरात तिखट संपलंच हाय." मंग थांबला. लुगड्याची घडी नीट करत करत हळूच म्हने, "मीच निवडलं हे. काका म्हनले, कोनतंही आन. मी दुकानात अर्धा दिवस बसलो. दुकानदार वैतागला, म्हने, तुह्या बायकोले का रे? म्हनलं, नाही. पन म्हनलं, त्या बाईनं दहा सालं इटकं लुगडंच नेसलं असन. कोनी तिले रंग इचारला नसन. तं घरी येताना तरी कोनीतरी बसून, इचार करून आनलेलं पाहिजे... नाही का, वयनी?"

मी तिकडं नदीकडं पाहून राहिली. मले न पाहता ज्यानं माह्यासाठी अर्धा दिवस रंग शोधला, तो समोर बसला होता, आन् ते लुगडं नेसून मले त्याच्या काकाच्या घरी जायचं होतं!

"तुमचे काका कसे हाय हो?" मी इचारलं.

"देवमानूस. मले बापापेक्षा जास्त." लगेच म्हने तो, काही लपवलं नाही. "त्या बाईले तरास होनार नाही. फक्त... काका हसत नाही आता. काकी गेल्यापासून."

आता सांगा, अशा मानसाचा राग तरी कसा करावा? खुशालराव वाईट असते तं सोपं होतं, वो.

पुढचे तीन कोस मी दोन पावलं मागंच राहिली. वाट दरडीवरून खाली-वर जाय, त्याची सावली लांब होऊन माह्या पायापर्यंत येई, आन् मी तिच्यावर पाय न देता चालत होती. येडी, दुसरं काय!

गावाच्या शिवेवर तो थांबला. दोन्ही हातानं मडकं धरलेलं.

"वयनी, आता गाव आलं. एक बोलू? राग येऊ देऊ नका. तुमच्या घरचा मानूस... लय नशीबवान हाय."

मी गठुडं काखेतून काढून हातात घेतलं.

"वयनी म्हनू नका मले," मी म्हनलं. "उद्यापासून काकी म्हना लागन."

"आं?"

"सावळी हाय, तोंडाची तिखट हाय. वामनरावाची साळी. जमुना."

तो जागचा हलला नाही, आन् डोक्यावर मडकं, तं खालीही पाहू शकेना! तसाच ताठ उभा, आन् डोळ्यातून टपकन एक थेंब. मी गठुडं पुढं केलं. "घ्या हे. हे माह्या हातात कोनी पाहिलं तं हो झालं समजा."

"माहे हात गुंतले हाय," तो म्हने.

"मडकं खाली ठेवा न मंग."

"नाही ठेवत."

"काहून?"

"मले ठाऊक नाही काहून!" असा वरडला का बांधावरच्या साळुंक्या उडाल्या. मंग हळूच, "काकानं मले वाढवलं, जमुना. मी त्यायच्या ताटातलं कसं घेऊ? पन... हे गठुडं तुह्या हातून परत घ्यायले माहे हात उठत नाही."

जमुना म्हनला. तुह्या म्हनला.

मी पदर खोचला आन् गावात शिरली. गठुडं उराशी. तो मागं, डोक्यावर दही.

वामनरावाच्या ओट्यावर खुशालराव बसले होते. पांढऱ्या मिशा, साधं धोतर. दुर्गाबाईनं मले पाहिलं, गठुड्यातून निंगालेला डाळिंबी काठ पाहिला, आन् तिचं तोंड फुललं, "अगं बाई, लुगडं हातात घेऊनच आली! हो झालं, हो झालं!" वामनरावानं गुळासाठी हाक मारली.

"थांबा," मी म्हनलं. मी सरळ खुशालरावायपुढं जाऊन उभी राहिली. "मामंजी," — हो, मामंजीच निंगालं तोंडातून, सासऱ्याले म्हनते तसं! — "लुगडं मले आवडलं. पन... आननारा जास्त आवडला."

दुर्गाबाईनं कपाळावर हात मारला. वामनराव गुळाची ढेप घेऊन दारातच.

खुशालरावायनं माह्याकडं पाहिलं. मंग चंद्रभानकडं. तो अजून मडकं घेऊनच उभा!

"चंद्र्या," ते म्हनले. "तुले ठाऊक होतं, हे कोन हाय?"

"शिवेवर समजलं, काका."

"आन् शिवेच्या आधी?"

चंद्रभाननं ओठ चावला. "शिवेच्या आधीच झालं होतं, काका. जे झालं ते. तुमी म्हनान तं मी आजच रेल्वेच्या मातीकामावर निंगून जातो. तुमच्या दारात येनार नाही."

खुशालराव उठले. रांजनापाशी गेले, तांब्या भरला, तोंडावर पानी मारलं. लय येळ पाठ करून उभे होते. मले वाटलं, काय केलं मी हे! एका चांगल्या मानसाचं भर ओट्यावर पानी केलं. मंग ते वळले, मिशा पुसत.

"पोरी, भाकर येते का तुले?"

"येते."

"पातळ का जाड?"

"पातळ. पापुद्रा सुटते."

"मंग माहं काय बिघडलं?" ते म्हनले. "बायकोनं केली काय आन् सुनेनं केली काय, भाकर तं तव्यावरच भाजते! आन् चंद्र्या, गाढवा, ते मडकं खाली ठेव. मान मोडन."

आन् हसले, बायांनो! चंद्रभाननं मडकं ठेवलं आन् त्यायच्या पायावर डोकंच टेकलं. ते त्याले उठवत नव्हते, नुसते त्याच्या पाठीवर थापट्या मारून राहिले होते, जोरजोरात, जसं का आपलंच रडू मारून राहिले.

मंग वामनरावानं खोकलून आठवन दिली का एक नड हाय. पोरगा कुवारा, बाई विधवा. आपल्यात कुवाऱ्यानं पाट लावायचा तं त्याचं पयलं लग्न आधी रुईच्या झाडाशी लावा लागते, ते काही चुकत नाही. चंद्रभान म्हने, "रुई तं रुई! कुठं हाय ती? आताच लावा!" सारे हसले, मी पदरात तोंड लपवलं.

लावलं न मंग, आठ दिवसानं, नदीच्या वाटेवर. हळद, अक्षता, सारं. मी जायचं नव्हतं तिथं, रीत नाही. मी गेली. तुरीच्या उभ्या पिकातून लपून पाहिलं. रुईले मुंडावळ्या बांधल्या होत्या, तुमच्या गळ्याची आन, मले त्या झाडाचा असा राग आला!

चंद्रभान लाकडी पाटावर बसला, हातात हळद. भटानं मंतर म्हनले. त्यानं रुईच्या पानाले हळद लावली... आन् पाहे मात्र तुरीकडं.